सातवं विधान

मी घरी बसून खोटे फॉर्म भरले असा माझ्यावर संशय घेतला गेला, तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि तापट होते. आता वय वाढलंय, बाकी फारसा फरक नाही. त्या वेळी तोंड मिटून बसले असते तर माझं सगळं कामच पाण्यात गेलं असतं, म्हणून त्या रागाबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

ही १९६१ सालची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती, भातकापण्या उरकल्या होत्या आणि पुढच्या फेब्रुवारीत निवडणूक व्हायची होती. मुंबईच्या एका संशोधन संस्थेने आमच्या जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या रत्नागिरीत, मतदारांची पाहणी काढली होती. कुळं आणि खोत, मानकरी आणि बाकीचे, पुरुष आणि बायका यांची मताबद्दलची समजूत कुठे जुळते आणि कुठे फाटते, हे त्यांना शोधायचं होतं. मी मालवणची, बंदरखात्यातल्या कारकुनाची मुलगी, अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. संस्थेने मला हंगामी म्हणून घेतलं आणि एक गाव नेमून दिलं. काम चोख झालं तर मुंबईच्या कचेरीत कायमची जागा, नाहीतर पुन्हा मालवणात वडिलांच्या ओटीवर शिकवण्या. शिकवण्यांचा मला मनापासून कंटाळा होता.

गावाचं नाव गोठणखोल. धामापूरच्या तळ्याकडून डोंगर ओलांडला की उतरणीपासून खाडीपर्यंत पसरलेलं. वरच्या अंगाला मानकऱ्यांची आणि कुळांची घरं, त्याखाली भंडारवाडी, खाडीच्या काठाला मुसलमानांचा मोहल्ला आणि ओढ्यापलीकडे बौद्धवाडी. टेकाडावर खोतांचं चिरेबंदी घर. खोती कायद्याने गेली होती, खोत मात्र होते तिथेच होते.

कामाची रीत सोपी होती. मतदार यादीतून ठराविक अंतराने घरं निवडायची. निवडलेल्या घरातला एक पुरुष आणि एक बाई, दोघांना वेगवेगळं बसवून छापील विधानं वाचून दाखवायची, आणि त्यांनी 'होय' म्हणायचं किंवा 'नाही'. काही विधानं मुद्दाम एकमेकांच्या उलट केली होती, म्हणजे समोरचा ऐकतोय की नुसती मान हलवतोय हे कळावं. तिसरं विधान म्हणे, कुळांना जमिनी मिळाल्या हा न्याय झाला. नववं म्हणे, जमीन ज्याची होती त्याच्याकडेच राहायला हवी होती. पाचवं म्हणे, बाईने घरच्या पुरुषाप्रमाणे मत द्यावं. आणि सातवं म्हणे, गावच्या मानकऱ्यांनी ज्याचं नाव सांगितलं त्यालाच गावाने मत द्यावं.

मी उतरले होते दाजी गावकरांकडे. ते वडिलांच्या ओळखीचे, गावचे पहिले मानकरी. साठीचे, ताठ, आवाज असा की देवळात बोलले तर खाडीत ऐकू जावं. देवळातलं गाऱ्हाणं तेच घालत. सगळ्या गावाच्या वतीने देवाला उभ्याने विनवायचं, दाजींनी एकेक मागणं बोलायचं आणि मागे उभ्या गावाने प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. गाऱ्हाण्यात मधेच कोणी बोलत नाही आणि 'नाही' तर कोणी म्हणतच नाही.

"देवाच्या कानार घातल्याबगर ह्या गावात कसलाच काम सुरू होणा नाय," दाजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

मला ते आवडलंच. गावात शिरायचं तर वेशीवरून शिरावं, मागच्या दाराने नको, असं माझं मत. दुसऱ्या दिवशी सकाळी रवळनाथाच्या देवळात गाव जमला. पुढे पुरुष, बाजूला बायका, मी खांबाला टेकून. दाजी हात जोडून उभे राहिले.

"बा देवा रवळनाथा, आज ही केरकरांची चेडू सरकारच्या कामाक तुझ्या गावात इली आसा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तिच्या कामात कसलीच आडकाठी येवक देव नको. ती जा काय इचारतली, तेका गावाचा व्हय आसा. कोण नाय म्हणूचो नाय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि तिचा काम फत्ते करून तिका सुखरूप आपल्या घराक धाड, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मला भरून आलं. माझं काम सरकारचं नाही, संस्थेचं आहे, हे मी दाजींना दोनदा समजावलं होतं. त्यांनी दोन्ही वेळा हात झटकून ते बाजूला सारलं होतं. पण एवढा गाव आपल्यासाठी देवाकडे काही मागतोय म्हटल्यावर असल्या बारीकसारीक गोष्टींवरून कोण अडून बसेल? मी प्रसादाचं खोबरं खाल्लं आणि कामाला लागले.

पहिलं घर हौसाबाई परबांचं. नवरा वारलेला, कुळकायद्याने नावावर झालेली जमीन ती स्वतः कसत होती. पडवीत बसून मी तिसरं विधान वाचलं, कुळांना जमिनी मिळाल्या हा न्याय झाला.

"व्हय," हौसाबाई म्हणाली.

नववं वाचलं, जमीन ज्याची होती त्याच्याकडेच राहायला हवी होती.

"व्हय."

समोरच्याशी वाद घालायचा नाही, काही सुचवायचं नाही, असा आम्हाला सक्त नियम होता. तरी मी विधान पुन्हा एकदा सावकाश वाचलं.

"ऐकलंय गो मी. व्हय म्हटलंय ना? लिही."

पुढचं घर तसंच. त्यापुढचंही. भंडारवाडीत माडावरून नुकता उतरलेला एक जण तर मी कागद काढायच्या आतच व्हय म्हणून मोकळा झाला. दाजींनी स्वतःचा फॉर्म विधानं न ऐकताच संपवला, "सगळ्याक व्हय लिही आणि जेवक चल." लोक हसून बोलत होते, चहा देत होते, शहाळी काढत होते, आणि फॉर्मवर वरपासून खालपर्यंत होय, होय, होय. काहीतरी बिनसलंय हे मला कळत होतं, काय ते कळत नव्हतं. नियमाप्रमाणे झालेल्या वाड्यांचे फॉर्म मी टपालाने मुंबईला लावून दिले आणि मोहल्ला नि बौद्धवाडी घ्यायला निघाले.

त्या दोन वाड्या संपतात न संपतात तोच सबनीस साहेब येऊन धडकले. पाहणीचे प्रमुख, पुण्याचे, सडपातळ, चष्मेवाले. मुंबईहून आगबोटीने मालवण बंदरात उतरताना किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात त्यांच्या पोटात ढवळलं होतं आणि त्याचा फिकटपणा अजून चेहऱ्यावर होता. दाजींच्या पडवीत बसून त्यांनी माझे फॉर्म माझ्यासमोर पसरले.

"मिस केरकर, हे तुम्ही कुठे बसून भरलेत?"

"लोकांच्या पडवीत."

"एवढी माणसं, आणि एकाच्याही तोंडून एक 'नाही' आलं नाही?"

"या वाड्यांत नाही आलं."

"उलटसुलट विधानांनासुद्धा?"

"साहेब, मला खोटे फॉर्म भरायचे असते तर मी इतके वाईट भरले नसते. मधून मधून चार 'नाही' टाकण्याची अक्कल मला आहे."

दारामागे काशीबाई, म्हणजे दाजींची बायको, खुदकन हसली. साहेबांना हसू आलं नाही. मी म्हटलं, "आत्ता चला माझ्याबरोबर. घर तुम्ही निवडा, विधानं तुम्ही वाचा. मी तोंड उघडणार नाही."

त्यांनी नेमकं हौसाबाईचं घर निवडलं. तिसरं विधान, व्हय. नववं, व्हय. साहेबांनी चष्मा पुसला, फॉर्म खाली ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले, "समुद्राचं पाणी गोड असतं."

हौसाबाईने माझ्याकडे पाहिलं. मी माडांकडे पाहिलं.

"व्हय," ती म्हणाली.

आम्ही उठलो तेव्हा तिने मला कोपऱ्यात ओढून हळूच विचारलं, "ह्येंका बरा नाय काय गो?"

वाटेत सबनीस थांबले. माणूस सरळ होता, एवढं मी त्यांच्याबद्दल केव्हाही सांगेन. "मी तुमच्यावर संशय घेतला तो मागे घेतो," ते म्हणाले. "फॉर्म खरे आहेत. पण निकामी आहेत. गोठणखोल आपल्याला गाळावं लागेल. या लोकांचं स्वतःचं मत अजून तयारच झालेलं नाही, एवढंच मी अहवालात लिहीन."

खोटेपणाचा आळ मी एक वेळ गिळला असता, पण हे ऐकून माझं डोकं फिरलं. गाव गाळलं की माझं काम शून्य आणि मुंबईची जागा गेली, हे तर होतंच. पण हौसाबाईला मत नाही? कुळकायद्याच्या सुनावणीत खोतांच्या वकिलासमोर उभं राहून, "ह्या भूयत पाय कोणाचे मळलेत ता बघा," असं सांगून आलेली बाई ती. तिला मत नाही असं छापून येणार, आणि ते मुंबईत बसून कोणीतरी वाचणार.

"मोहल्ल्याचे आणि बौद्धवाडीचे फॉर्म अजून माझ्याकडेच आहेत," मी म्हटलं. "ते बघा आणि मग गाळा."

त्यांनी ते पाहिले आणि उन्हात उभ्या उभ्याच दोनदा चाळले. कारण तिथे 'नाही' होतं. भरपूर होतं. नेमक्या जागी होतं.

लगेच आम्ही खाडीवर गेलो. मोहल्ल्यातल्या जमालच्या घरी त्याची बायको सुरैय्या अंगणात सुकत घातलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी, राखत बसली होती. जमाल होडी घेऊन पलीकडे गेला होता. साहेबांनी पुन्हा स्वतः विधानं वाचली. पाचव्याला, बाईने घरच्या पुरुषाप्रमाणे मत द्यावं म्हणताच, तिने हातातली काठी खाली ठेवली.

"नाय. घोवान सांगल्यार मत देवचा, तर माका येगळा मत दिल्यानी कित्याक?"

समुद्राच्या पाण्याचंही साहेबांनी विचारून पाहिलं. "खारा," ती म्हणाली, आणि तिनेही माझ्याकडे तसंच पाहिलं.

परत येताना साहेब वेगळेच झाले होते. शेताच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून, चालता चालता त्यांचा सिद्धांत उभा राहत होता. ज्यांना समाजाने कडेला ढकललं त्यांच्यात मत जागं झालंय, आणि जे गावाच्या मध्यभागी आहेत ते झोपलेत. मोठा लेख होईल, ते म्हणाले. मी ऐकत होते आणि माझी चिडचिड वाढत होती. उत्तर फारच नीटनेटकं होतं, आणि त्यात हौसाबाई कुठेच बसत नव्हती.

मी मनात एकेक गोष्ट ताडून बघायला लागले. गरिबी म्हणावी तर परबांच्या घरातही दोन वेळची पेजच होती. जमीन म्हणावी तर जमालकडेही नव्हती आणि माडावर चढणाऱ्याकडेही नव्हती. शिक्षण सगळ्यांचं सारखंच तोकडं. मग या दोन वाड्यांत असं काय होतं जे बाकीच्यांत नव्हतं? की बाकीच्यांत असं काही होतं जे या दोन वाड्यांत नव्हतं? आणि मी मेरेवर थांबले. त्या सकाळी देवळात मोहल्ल्यातलं कोणी नव्हतं. बौद्धवाडीने धर्म बदलल्यापासून देवळाकडे पाठच फिरवली होती.

"साहेब," मी म्हटलं, "गाव झोपलेला नाही. गावाने शब्द दिलाय."

मी त्यांना गाऱ्हाण्यातले शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले. ती जा काय इचारतली, तेका गावाचा व्हय आसा. कोण नाय म्हणूचो नाय. लहानपणापासून इतकी गाऱ्हाणी ऐकलेली, की मला त्यातला सूर ऐकू आला होता आणि शब्द कानावरून गेले होते. दाजींनी ते माझं काम सुरळीत व्हावं म्हणूनच घातलं होतं. आणि गावाने ते पाळलं होतं. समुद्राचं पाणी गोड आहे म्हणण्यापर्यंत पाळलं होतं.

हातातला सिद्धांत असा निसटला तर कोणालाही वाईट वाटेल. मग सबनीस मेरेवरच खाली बसले आणि चष्मा काढून हसायला लागले. हसून झाल्यावर म्हणाले, "आता पुढे काय?"

"दाजींनी बांधलंय, दाजींनी सोडवावं. दुसरं गाऱ्हाणं घालायला सांगते."

"पाहणी करणाऱ्याने गावाच्या रीतीत हात घालायचा नसतो, मिस केरकर."

"हात आधीच पडलाय, साहेब. आता तो काढून घ्यायचाय."

दाजी तिन्हीसांजेला पडवीत पान जमवत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"देवाक दिलेलो शब्द परत कसो घेवचो? पोरखेळ आसा काय?"

"परत घेऊ नकात, दाजीनु. पुरो करा. माझा काम फत्ते होऊ दे म्हणून मागितल्यात ना? लोकांनी खरा सांगितल्याशिवाय ता फत्ते कसा होतला?"

ते त्यांना टोचलं. शब्द अर्धा राहणं त्यांच्याच्याने सोसणारं नव्हतं. "काय इचारतंस ता तरी वाचून दाखव," ते म्हणाले. मी पहिल्यापासून वाचत गेले. कुळांच्या विधानाला ते हुंकारले, बायकांच्या विधानाला हसले. सातवं वाचलं तेव्हा पानाला चुना लावणारं त्यांचं बोट थांबलं. गावच्या मानकऱ्यांनी ज्याचं नाव सांगितलं त्यालाच गावाने मत द्यावं.

"ह्या पण इचारलंस? सगळ्यांका?"

"सगळ्यांका."

"आणि सगळी व्हय म्हणाली."

"तुमी म्हणूक सांगितल्यात म्हणून."

आत भांड्यांचा आवाज बंद झाला. काशीबाई दारामागेच होती. सबनीसांनी मला डोळ्यांनी खुणावलं, पुरे. मीही गप्प बसले, कारण यापुढचं दाजींचं दाजींनीच ठरवायचं होतं. त्यांनी गावाला मोकळं सोडलं तर गाव त्यांनाही 'नाही' म्हणायला मोकळा होणार होता. आणि नाही सोडलं तर माझ्या कामाचं मातेरं होणार होतं.

दाजींनी पान तोंडात घातलं, सावकाश चावलं.

"माझो गाव माका नाय म्हणूचो नाय," ते म्हणाले. "मोकळो सोडलंय तरी म्हणूचो नाय. उद्या सकाळी देवळात येवा."

सकाळी गाव पुन्हा जमला. काय घडणार हे कोणाला ठाऊक नव्हतं. दाजी हात जोडून उभे राहिले आणि त्यांचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत निघाला.

"बा देवा रवळनाथा, ह्या चेडवाच्या कामाक खरो शब्द होयो आसा, म्हाराजा. आदी दिलेलो शब्द तुझ्या पायार ठेवन आज गाव मोकळो करतंय. जेका व्हय वाटात तेना व्हय म्हणूचा, जेका नाय वाटात तेना नाय म्हणूचा. नाय म्हणणाऱ्यार तुझी अवकृपा नाय, आणि माझो राग नाय, म्हाराजा."

मागून आवाज आला नाही. असलं गाऱ्हाणं कोणी ऐकलेलं नव्हतं. पुरुष एकमेकांकडे बघू लागले. दाजी तसेच उभे, मागे वळायचं नाही ही रीत. त्यांची मान मला बाजूने दिसत होती, आणि त्या क्षणी मला त्यांचा फार अभिमान वाटला. मग बायकांच्या बाजूने एकच आवाज आला, हौसाबाईचा.

"व्हय म्हाराजा."

आणि मागोमाग सगळा गाव.

दुसऱ्या फेरीत मी आणि सबनीस दोघांनी मिळून घरं वाटून घेतली. लोकांना 'नाही' म्हणायला सुरुवातीला जड गेलं. आधी इकडे तिकडे बघायचे, मग बोलायचे. पण एकदा तोंड उघडलं की थांबेनात. हौसाबाई नवव्या विधानाला 'नाय' एवढंच म्हणून थांबली नाही, खोतांच्या तीन पिढ्यांचा उद्धार करून मगच थांबली. मी फक्त 'नाही' लिहिलं. भंडारवाडीतला तो माडावरचा गडी म्हणाला, "आदी कागद काढ. ह्या येळेक ऐकान सांगतलंय." दुसऱ्या एका घरात नवऱ्याने एक सांगितलं आणि बायकोने त्याच्या बरोबर उलट. साहेब संध्याकाळी फॉर्म बघून खूश. सरळ रेघ कुठेच नव्हती. गरीब होते तेही एका बाजूला नव्हते आणि मानकरी होते तेही. "आता याचा अर्थ लावायला वर्ष जाईल," ते म्हणाले, "आणि तो लावायला तुम्ही मुंबईत हव्यात. जागा पक्की धरा." मी शांतपणे बरं म्हटलं आणि परसात जाऊन एकटीच हसून आले.

काशीबाईचा फॉर्म मी चुलीपाशी बसून भरला. दाजी शेतावर गेले होते. पाचवं वाचल्यावर तिने फुंकणी बाजूला ठेवली.

"मागल्या निवडणुकीक मतांच्यो येगयेगळ्यो पेटयो होत्यो, ठाऊक आसा? एकेकार चित्र. पडद्याच्या आत मी एकटीच. घोवान सांगितलेली पेटी बघलंय आणि बाजूच्येत टाकलंय." ती जाळ सारू लागली. "लिही, नाय. आणि सातव्याक पण नाय. पण तेंका सांगू नको हां."

"कोणाचाच कोणाक सांगूचा नाय असो नियम आसा, वैनी."

सातव्या विधानाचे आकडे मला हळूहळू दिसत होते आणि मला ते बघवत नव्हते. दाजींच्या वाडीतले, दाजींच्या भावकीतले, त्यांच्या पंक्तीला पहिल्या पानावर बसणारे, सगळे अदबीने, आवाज खाली करून, 'नाय' म्हणत होते. कोणी दाजींबद्दल वाईट बोललं नाही. दाजी बरे आसत, देवमाणूस आसत, पण मत माझा माझ्याकडे आसांदे. संशोधक म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण त्यात सुख नव्हतं.

शेवटचा फॉर्म दाजींचा राहिला. त्यांनीच तो मागे ठेवला होता. सबनीस सामान बांधत होते, दुपारच्या गाडीने आम्ही मालवणला निघणार होतो. दाजी पडवीत येऊन माझ्यासमोर बसले, पान न लावता.

"सातव्याक गावान काय सांगल्यान?"

"ता माका सांगूक येवचा नाय, दाजीनु."

"माका पण?"

"तुमकाच नाय."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मी नजर खाली केली नाही, पण लपवायची कलाही मला कधी साधली नाही.

"समाजलंय," ते म्हणाले. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून तोंड पुसलं. मला वाटलं ते उठून जातील. गेले असते तर मी त्यांना दोष दिला नसता.

"वाच," ते म्हणाले. "माका इचारूचा ऱ्हवला आसा."

मी वाचत गेले आणि ते उत्तरं देत गेले. सातवं आलं. मी शक्य तेवढ्या सरळ आवाजात वाचलं. दाजी टेकाडाकडे बघत होते, खोतांच्या घराकडे.

"दर निवडणुकीक थयसून माणूस येता," ते म्हणाले. "हयच बसता, तू बसलंस थय. पान खाता, नाव सांगता आणि जाता. ता नाव मी देवळात सांगतंय. गाव म्हणता, दाजीन सांगल्यान." त्यांनी पंचा पुन्हा खांद्यावर टाकला. "माज्या बापाशीक पण तसाच सांगीत. तुका कोण बरो वाटता रे, म्हणून बापाशीक कोणी इचारूक नाय, माका पण नाय. आमी मानकरी."

आत चुलीपाशी काशीबाई उठून उभी राहिल्याचं मला बांगड्यांवरून कळलं. सबनीस सामानाची दोरी हातात धरून तसेच राहिले.

"लिही," दाजी म्हणाले. "नाय."

मी लिहिलं. माझे डोळे भरले होते आणि अक्षर वाकडं आलं. तो फॉर्म संस्थेत अजून असेल तर ते वाकडं अक्षरही असेल. मी नाक ओढून पुढचं विधान वाचलं. आठवं म्हणे, मत देताना माणसाने फक्त स्वतःच्या मनाला विचारावं.

साऱ्या गावाने याला पटकन होय किंवा पटकन नाही म्हटलं होतं. बाहेर गाडीची वेळ होत आली होती, सबनीसांनी घड्याळाकडे बघितलं.

"वायच थांब," दाजी म्हणाले. "ह्येचो माका इचार करूचो लागतलो."

मी पेन खाली ठेवलं. सबनीसांनी दोरी सोडली, ट्रंकेवर बसले आणि खिशातलं घड्याळ पुन्हा खिशात घातलं. गाडी चुकली तर चुकू दे, असं त्यांनी मला हाताने सांगितलं.